डबीतला पांढरा हात

माझं अक्षर वाईट आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीपर्यंत शाळा झाली, त्यानंतर पेन हातात आलं ते फक्त सही करायला. ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच कळलं नाही, मनाला येईल तिथे वेलांटी देते. ही वही मला कुणाला दाखवायची नाही. तरी समजा कुणाच्या हाती लागलीच, तर त्याने हसत का होईना, शेवटपर्यंत वाचावी. मध्येच सोडली तर मी चोर आहे एवढंच त्याच्या लक्षात राहील.

इकडे आखातात, अल हैलला, समुद्रापासून दोन गल्ल्या आत एका इंग्रज बाईंच्या घरी मी कामाला आहे. बाई साठीला आलेल्या, एकट्या. नर्सिंगच्या मुलींना शिकवायला कॉलेजात जातात. डोळ्यांत काही दोष आहे म्हणून त्यांना गाडी चालवता येत नाही. त्यासाठी ड्रायव्हर आहेत, ते आमच्या कोकणातलेच, रत्नागिरीकडचे मुसलमान. मी रायगडची. मी त्यांना चाचा म्हणते, ते मला बाय म्हणतात.

माझं इंग्रजी स्वयंपाकघरापुरतं. मीठ, गॅस, टॉवेल, उद्या पाहुणे. त्याच्या पलीकडे गेलं की चाचांना बोलवावं लागे. मॅडम चार वाक्यं बोलल्या की चाचा मला एक सांगायचे, आणि मी एक बोलले की ते मॅडमना चार सांगायचे. तेव्हापासूनच मला संशय होता की हा माणूस मधल्या मध्ये स्वतःचं काहीतरी घालतो.

हॉलमध्ये एक मोठा फोटो लावलेला आहे. मी कामाला लागले त्या दिवशी त्याच्यावरची धूळ पुसताना मला ते देऊळ वाटलं. काळे-पांढरे दगडी खांब, पिळ घातल्यासारखे. वर दगडाचाच पडदा, आणि तो दोन्ही बाजूंनी धरून पंख असलेली दोन बाळं रडतायत, मुठीने डोळे पुसत. मध्ये एक पुरुष कोपरावर रेललेला. केस खांद्यापर्यंत, कुरळे, बाईसारखे. त्याच्याजवळ बायको, हातात पुस्तक घेऊन. खाली ओळीने नऊ मुलं गुडघे टेकून बसलेली, मोठ्यापासून लहानापर्यंत. त्यांतल्या तिघांच्या हातात कवट्या.

मी चाचांना विचारलं, हे काय आहे.

"मॅडमच्या गावातल्या चर्चमधला हाय. ह्यो त्यांचा खापरपणजा, का त्याचाही पणजा. मेल्यावर दगडात झोपवलाय."

"झोपवलाय कुठे? हा तर जेवून हात वाळवत बसल्यासारखा बसलाय."

"मोठ्या माणसांना मेल्यावर पण आराम असतो गो बाय. तुला-मला उताणाच पडायचा हाय."

"आणि पोरांच्या हातात कवट्या कशाला?"

चाचांनी फोटोकडे जवळून पाहिलं. त्यांनाही माहीत नव्हतं, पण माहीत नाही असं ते कधी म्हणत नाहीत. "खेळायला असतील," म्हणाले.

मला ते आवडलं नाही. आमच्या गावात कवटी दिसली असं कुणी म्हणालं तरी माणसं वाट बदलतात, आणि इथे ती सोफ्याच्या वर टांगलेली. मी रोज फोटो पुसायची, पण खालच्या ओळीकडे बघत नसे. तरी एक गोष्ट दिसलीच. सगळ्यात लहान पोराचा उजवा हात नव्हता. दगडी बाही आईच्या झग्यापर्यंत गेलेली आणि तिथेच संपलेली.

त्या पोराचा हात मला मॅडमच्या कपाटात सापडला.

समुद्राच्या हवेने कपाटातलं सगळं दमट होतं, म्हणून दोन महिन्यांतून एकदा सामान काढून पुसावं लागतं. एका बिस्किटाच्या जुन्या पत्र्याच्या डबीचं झाकण गंजलं होतं. उचलली तर झाकण माझ्या हातात आलं आणि डबी खाली गेली. आत रुमालात गुंडाळलेला पांढरा हात होता. मनगटापर्यंत, लहान मुलाच्या हाताएवढा. करंगळी अर्धी तुटलेली. बोटं मिटलेली, कुणाचा तरी पदर धरल्यासारखी. क्षणभर मला खराच वाटला. मग गार लागला, दगड आहे हे कळलं, आणि तो रुमालात गुंडाळून मी डबी होती तिथे ठेवली.

त्यानंतर मी मॅडमवर नजर ठेवायला लागले. इथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून चर्चही शुक्रवारीच भरतं. सकाळी तिकडे निघण्याआधी त्या खोलीचं दार लावून घेत आणि डबीचं झाकण वाजे. एकदा दार नीट लागलं नव्हतं. मॅडम पलंगावर बसल्या होत्या, तो हात त्यांच्या तळहातावर होता, आणि अंगठ्याने त्यावरून फिरवत त्या हळूहळू काहीतरी बोलत होत्या. माझ्या मनात आलं, चांगली बाई आहे, पगार वेळेवर देते, पण ही काहीतरी करते.

त्याच महिन्यात इथून दोन तासांवरच्या रुस्ताकहून फोन आला. माझा नवरा तिथे बांधकामावर शटरिंगचं काम करतो. शिडीवरून पडला, उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घातलं होतं, आणि कंपनी म्हणत होती की काम नाही तर पगार नाही. फोन ठेवला आणि मी सरळ कपाटाशी गेले. दगडी हात बाहेर काढून माझ्या हाताशेजारी धरून पाहिला, डावा की उजवा ते नक्की करायला. उजवा होता. मनगटापाशी तुटलेला.

आता हे वाचणाऱ्याला मी वेडी वाटेन. पण आमच्याकडे भंगलेली मूर्ती घरात ठेवत नाहीत. नाक उडालं, हात तुटला, की ती मूर्ती देव्हाऱ्यातून उचलायची, हळदकुंकू वाहायचं, माफी मागायची आणि वाहत्या पाण्यात सोडायची. ठेवली तर घराला लागते. शहरातल्या दार्सैतच्या देवळात माझ्या गावाकडची एक बाई भेटते, तिला मी नुसतंच विचारलं, कुणाच्या घरी भंगलेलं काही असेल तर काय करावं. ती म्हणाली, "सोडायचं समुद्रात. विचारतेस काय?" मला वाटलं, मॅडमना बिचारीला हे कुणी सांगितलंच नसेल. नवरा नाही, मूलबाळ नाही, डोळे अधू. कशामुळे ते तिला कळलंच नसेल.

शुक्रवारी दुपारी मॅडम झोपल्या होत्या. चाचा नमाजाला गेले की तिकडेच जेवून येत. मी दहीपोहे केले. गणपती जाताना त्याच्याबरोबर वाटेची शिदोरी देतात, तशी. रस्त्याकडेच्या बदामाच्या झाडाचं मोठं पान काढलं, त्यात दहीपोहे बांधले, आणि हात ओढणीत धरून समुद्रावर गेले. सुट्टीची माणसं गाड्या लावून बसली होती, पोरं चेंडू खेळत होती. माझ्याकडे कुणी बघितलं नाही, पण सगळे बघतायत असंच वाटत होतं. गुडघाभर पाण्यात गेले. हळदकुंकू लावलं. जिथला आहेस तिथे जा, चूक झाली असेल तर आम्हाला लेकरं समज, असं म्हटलं आणि सोडला. दगडच तो, लगेच गेला. पोहे मात्र थोडा वेळ तरंगत होते.

इथवर मी चोर नव्हते, असं मी अजून म्हणते. चोर झाले ते घरी आल्यावर. डबी हलकी लागू नये म्हणून मी रुमालात साबणाची वडी गुंडाळून ठेवली. घरातला वासाचा साबण घेतला असता तर मॅडमना कळलं असतं, म्हणून बाहेरच्या नळापाशी चाचांचा खोका असतो त्यातली हिरवी वडी घेतली. नमाजाआधी हातपाय धुवायला ते तीच वापरतात. मी एवढाच विचार केला की खोक्यात खूप आहेत, एकीने काय होतंय. दुसरा विचार माझ्या डोक्यात आला नाही, हे देवाशपथ सांगते.

डबी दोन आठवडे तशीच राहिली. मधला शुक्रवार मॅडम आजारी होत्या, तो टळला. पुढच्या शुक्रवारी पाहुणे होते. मग एका संध्याकाळी मॅडम स्वयंपाकघरात आल्या. तळहातावर हिरवी वडी होती. ती त्यांनी ओट्यावर ठेवली आणि विचारलं, हे काय.

एवढं इंग्रजी मला कळत होतं. "सोप, मॅडम," मी म्हटलं.

त्यांनी चाचांना हाक मारली. चाचा आले आणि ओट्याकडे बघून आपणहूनच म्हणाले, "ह्यो तर माझा साबण. इथे कसा आला?"

मला भांडं घासायचं होतं म्हणून मी पाठ फिरवली.

त्या रात्रीपर्यंत चाचांकडून मला सगळं कळलं. इंग्लंडमधल्या त्या चर्चमध्ये दुरुस्ती चालली होती. मूर्तिकार एकेक मूर्ती साफ करून जोडत होता, आणि मॅडमनी त्यांना कळवलं होतं की लहान पोराचा हात माझ्याकडे आहे, मी पाठवते. पाठवायला म्हणून डबी उघडली, तर साबण.

"आणि साबण माझा. म्हणजे चोर मी," चाचा म्हणाले. "मी म्हटला, मॅडम, मी चोर असतो तर माझाच साबण ठेवला असता काय? तर बोलते, घाईत ठेवला असशील."

पुढचा आठवडा त्या घरात कुणी कुणाकडे सरळ पाहिलं नाही. मॅडमनी चाचांना मत्राच्या बाजारात न्यायला लावलं, जुन्या वस्तूंच्या दुकानांत. परत आल्यावर चाचा नळापाशी बसून पाय धुत होते.

"चार दुकाना फिरवली. खंजीर, नाणी, मूर्ती, सगळा हाय. पण ही बाई वस्तूंकडे बघतच न्हाय. माझ्या तोंडाकडे बघते. दुकानदार मला ओळखतो काय ते बघते. एकाने सलाम केला तर हिचा चेहरा असा झाला. अरे, सलाम सगळेच करतात!"

मग ते थांबले. "बाय, पण हातच का गो? चोरायचा तर लॅपटॉप चोरील, अंगठ्या चोरील. हे ज्याने केला त्याला पैसा नको होता." आणि माझ्याकडे बघायला लागले. "त्या खोलीत पोछा तू मारतंस. तुला काय दिसला?"

"मला काय दिसणार," मी म्हटलं.

मी आयुष्यात खोटं फार कमी बोलले आहे, कारण मी बोलतेच कमी. ते तीन शब्द मात्र लक्षात आहेत.

मॅडम आता अवेळी घरी यायच्या. टेबलावर उघडी पर्स ठेवून जायच्या. मला वाटायचं, माझी परीक्षा घेतायत. मग वाटायचं, त्यांना सगळं माहीत आहे, मी कधी बोलते याची वाट बघतायत. चाचा म्हणायचे, एसीवाला आला होता त्याच्यावर माझा डोळा आहे. आणि तसं म्हणताना माझ्याकडे बघायचे. मी आमटीत दोनदा मीठ घातलं, तर मॅडमनी ताटावरून मान वर करून पाहिलं. मला वाटलं, मिठावरूनही त्यांना कळलं.

बुधवारी दुपारी चाचा स्वयंपाकघरात आले आणि पालथ्या बादलीवर बसले. ते कधी आत बसत नाहीत.

"उद्या संध्याकाळपर्यंत मुदत दिलीय. न्हाय मिळाला तर अर्बाबला फोन करणार."

अर्बाब म्हणजे ज्याच्या नावावर चाचांचा व्हिसा आहे तो मालक. त्याच्याकडे तक्रार गेली की खलास. तिकीट हातात देऊन पाठवतात.

"अठ्ठावन पुरी झाली मला. आता गेलो तर परत कोण बोलवतो? आणि गावात सांगू काय? लोकांची पोरा सोना आणताना पकडली जातात. मी दगडाचा हात चोरला!" ते हसायला गेले, पण जमलं नाही. डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि तिची शिवण बघत बसले.

मी बोलायला हवं होतं. पण मला चार माणसांत स्वतःचं नाव सांगायलाही घाम फुटतो. शाळेत गुरुजींनी कविता म्हणायला उभं केलं की मी रडायची, आणि पुढे शाळा सुटली त्याचं मला वाईटही वाटलं नव्हतं. मी चहा ठेवला. चाचांनी तो घेतला नाही.

संध्याकाळी नवऱ्याला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तू तोंड उघडू नकोस. चाचाचं चाचा बघून घेईल. आपला एक हात आधीच गेलाय." मी फोन ठेवला. नवऱ्याचंही खरं होतं. पण चाचांच्या गुडघ्यावरची ती टोपी माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

गुरुवारी सकाळी भाजी आणायला गाडीत मागे बसले. आरशात फक्त चाचांचे डोळे दिसत होते. ते बरं झालं. डोळ्यांना सांगणं सोपं गेलं.

"चाचा, तो हात मी समुद्रात सोडला."

गाडी तशीच चालत राहिली. मग चाचांनी ती एका चहाच्या टपरीपुढे बाजूला घेतली आणि मागे वळले. "काय केलास?"

मी सगळं सांगितलं. भंगलेली मूर्ती, नवऱ्याचं मनगट, दहीपोहे, साबण.

"तुमच्या लोकांना देव पाण्यात टाकायची हौस तरी किती गो!" ते ओरडले. मग म्हणाले, "दहीपोहे पण दिलेस?" आणि हसायला लागले. हसता हसता त्यांचा चेहरा बदलला. "आठ दिवस, बाय. आठ दिवस तू माझ्या हातात चहा देत होतीस."

मला वर बघवेना. मी म्हटलं, "संध्याकाळी तुम्ही मॅडमना सांगा. मी उभी राहते, तुम्ही इंग्रजीत सांगा."

"मी न्हाय सांगणार. मी सांगितला तर ती मानील? बोलेल, यानेच पढवला बाईला. तुझ्या तोंडाने सांग."

"मला येत नाही."

"पाण्यात जायला येता, सांगायला येत न्हाय?"

संध्याकाळी मॅडम आल्या. फोन टेबलावर ठेवला, हे मी बघितलं. चाचा दारापाशी हाताची घडी घालून उभे. मी इंग्रजी शब्द दिवसभर तोंडात घोळवले होते, पण तेव्हा एकही आला नाही. मग मी स्वयंपाकघरातून पाण्याचं पातेलं आणलं, टेबलावर ठेवलं. हिरवी वडी आणली. ती दोन्ही हातांत धरली, कपाळाला लावली, आणि हळूच पाण्यात सोडली.

"हँड," मी म्हटलं. "सी. मी." आणि स्वतःच्या छातीला हात लावला. "चाचा नो."

मॅडम पातेल्यात बघत राहिल्या. पाणी हिरवं व्हायला लागलं होतं. त्यांनी चाचांकडे पाहून काही विचारलं, आणि तेव्हा कुठे चाचांनी तोंड उघडलं. उघडलं ते मिटेचना. मी पाच शब्द बोलले होते, ते पाच मिनिटं बोलले. मध्ये दोनदा वर आभाळाकडे बोट केलं, एकदा स्वतःच्या मनगटाकडे. मला तेव्हाही शंका आली की हे मला सोडवतायत की अडकवतायत. एकाच ठिकाणी मॅडमनी त्यांना थांबवून माझ्याकडे पाहत विचारलं. चाचांनी मला सांगितलं, "विचारते, त्याला खायला दिलास?"

मी मान हलवली.

मॅडम रागावल्या नाहीत असं मी म्हणणार नाही. त्यांचं नाक लाल झालं. त्या उठल्या, खोलीत गेल्या आणि दार लावलं. फोन टेबलावरच राहिला. त्या दिवशी अर्बाबला फोन झाला नाही.

सकाळी चर्चला न जाता त्या म्हणाल्या, जागा दाखव. ओहोटी होती. मॅडमनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि वाळूत हात घालून शोधायला लागल्या. मी एका बाजूने, चाचा दुसऱ्या बाजूने. पांढरं दिसेल ते उचलायचं. शिंपला, पोवळ्याचा तुकडा, एकदा खेळण्यातली बशी. मॅडमना नीट दिसत नाही, म्हणून त्या प्रत्येक गोष्ट डोळ्यांपाशी धरून बघत आणि टाकून देत. ऊन चढेपर्यंत शोधलं. समुद्राने काही दिलं नाही.

मग वाळूतच बसून त्या बोलायला लागल्या, चाचा मला सांगत गेले. तो हात मॅडमच्या वडिलांनी तोडला होता. नऊ वर्षांचे असताना. चर्चमध्ये लांबलचक प्रार्थना चालली होती, कंटाळून ते त्या दगडी पोराच्या हाताला लोंबकळले, आणि हात तुटून त्यांच्या मुठीत आला. त्यांनी तो खिशात घातला. त्या वेळी चर्चमध्ये एक गवंडी काम करत होता. आळ त्याच्यावर आला. त्याला काढून टाकलं. वडिलांनी जन्मभर कुणाला सांगितलं नाही. मरताना डबी मॅडमच्या हातात दिली, आणि तो हात परत जागेवर गेला की आपण सुटलो, असं मॅडम इतकी वर्षं धरून बसल्या होत्या. त्या घराण्यातल्या त्या शेवटच्या.

गवंड्याचं सांगताना चाचा मध्येच थांबले होते. मला वाटलं, हे नक्की यांनीच घातलं, मला टोचावं म्हणून. पुढे माझं इंग्रजी थोडं सुधारलं तेव्हा मी मॅडमना एकटीने विचारलं. त्या म्हणाल्या, हो, गवंडी होता. त्या दिवशी वाळूत त्यांनी चाचांकडे वळून काहीतरी म्हटलं होतं आणि चाचांनी ते मला सांगितलं नव्हतं. माफी मागितली असणार. चाचा उठून गाडीची काच पुसायला गेले होते, पुसलेलीच काच.

मूर्तिकार नवा हात करणार असं ठरलं. मी म्हटलं, त्याचे पैसे मी देणार. मॅडम नको म्हणाल्या. मी पगारातली दहा रियालची नोट परत टेबलावर ठेवली. त्यांनी ती माझ्या हातात कोंबली, मी परत ठेवली. शेवटी चाचा मध्ये पडले, मॅडमशी बोलले आणि मला म्हणाले, "साठ रियाल झाले. सहा महिने दे, मिटला."

मी सहा महिने दहा-दहा दिले. नवऱ्याचं प्लास्टर दरम्यान निघालं, डॉक्टरांनी सांगितलं होतं तेवढ्याच दिवसांत. एक दिवसही लवकर नाही. त्याचा मी खूप विचार केला.

सहावी नोट दिली आणि मन हलकं व्हायला हवं होतं, पण मला साठचा संशय आला. एवढ्या मोठ्या खापरपणज्याच्या पोराचा हात, तोही विलायतेत, साठ रियालमध्ये? आमच्याकडे गणपतीचा कारागीरसुद्धा शाडूच्या मूर्तीला रंग द्यायला किती मागतो. मॅडमच्या टेबलावर पुसताना कागद असतात. मी कधी बघत नसे. आता बघायला लागले. एक दिवस त्यात फोटो असलेला कागद मिळाला. फोटोत नवा हात, आणि खाली आकडा. इंग्रजी आकडे मला येतात. चारशे ऐंशी. आकड्याआधी वाकडी खूण, ती मॅडमच्या गावच्या नोटांवर असते.

आकडा तळहातावर पेनने लिहून घेतला. दार्सैतहून परतताना घरी पैसे पाठवायच्या दुकानात जाऊन काचेपलीकडच्या माणसाला हात दाखवला. त्याने यंत्रावर बोटं मारून सांगितलं, दोनशे चाळीस रियाल, थोडे इकडेतिकडे.

घरी आल्यावर चाचांना नळापाशीच गाठलं. "साठ कुणी सांगितले?"

"मॅडमनी."

"खोटं."

चाचांनी माझा तळहात पाहिला. "बरा. मी सांगितले. मॅडम तर एक पैसा घेत न्हव्हती. मी म्हटला, काहीच न घेतलास तर ही बाय झोपणार न्हाय, पण पुरते सांगितलास तर हिच्या घरी काय जाईल? साठ सांग. एवढा माझा गुन्हा."

मला राग आला. आठ दिवस ज्याच्यावर मी आळ जाऊ दिला त्यानेच मला स्वस्तात सोडवलं होतं, याचाच जास्त आला. मी म्हटलं, "तुम्ही मधल्या मध्ये नेहमी काहीतरी घालता."

"घालतो," ते म्हणाले. "न्हायतर तुमचा दोघींचा कधी जमलाच नसता."

पुढच्या महिन्यापासून मी पुन्हा दहाची नोट ठेवायला लागले. मॅडम हात हलवून म्हणायच्या, "खलास, खलास." मी म्हणायची, "नो खलास." घरी कमी पाठवावे लागले, नवरा कुरकुरला, पण नंतर एका महिन्याची नोट त्याने स्वतः दिली. उजव्या हाताने दिली.

मधल्या उन्हाळ्यात मॅडम गावाला जाऊन आल्या आणि मला फोनवर व्हिडिओ दाखवला. तो पुरुष अजून कोपरावर रेललेला. पण साफ केल्यावर बायकोच्या ओठांवर थोडं हसू होतं, फोटोत ते दिसत नाही. दगडी पडद्याची कड सोनेरी. लहान पोराचा नवा हात बाकीच्यापेक्षा जास्त पांढरा, आईचा झगा घट्ट धरून. करंगळी पूर्ण. कवट्यांचं मी त्या वेळी विचारलं. मॅडम म्हणाल्या, ती तीन मुलं आईबापांच्या आधी गेली होती. मग मी आणखी एक विचारलं, ही नऊ मुलं सांभाळायला बाई कोण होती? तिचा दगड कुठे आहे? मॅडमनी व्हिडिओ परत मागे नेला, पुन्हा पुढे आणला, फोन डोळ्यांपाशी धरून कोपरे पाहिले. कुठेच नव्हती.

जुना हात अल हैलच्या समुद्रात आहे. ओहोटीला मी अजून पांढरं दिसलं की वाकते.

गेल्या गुरुवारी चोविसावी नोट होती, ती मी हातात घट्ट धरून ठेवली होती. मी चाचांना आधीच सांगून ठेवलं होतं, आज मध्ये काही घालायचं नाही. मॅडमनी एका कागदावर इंग्रजीत लिहिलं आणि सही केली. चाचांनी चष्मा लावून वाचलं, "हाताचे सगळे पैसे मिळाले. काही बाकी न्हाय."

"आकडा कुठे आहे?"

त्यांनी बोट ठेवलं. मी एकेक आकडा वाचला. दोन, चार, शून्य. पुन्हा एकदा वाचला. चाचा मॅडमकडे बघून हसले, मॅडमही हसल्या, आणि त्या हसण्यात काय होतं ते मला नक्की कळलं नाही. पण आकडा बरोबर होता. मग मी नोट सोडली.